मानाची वस्त्रे

श्रोतेहो, काही वर्षांपूर्वी सरकारी कामानिमित्त जयपूरला जाण्याचा योग आला. काम दुपारीच आटोपले, म्हणून तेथील राजवाड्यातील वस्त्रसंग्रह पाहावयास गेलो. एका काचेच्या कपाटापुढे पाऊल आपोआप थांबले. आत एक प्रचंड अंगवस्त्र मांडलेले होते. हिवाळ्यात अंगावर घ्यावयाच्या असल्या रुईभरल्या, जरीच्या वस्त्रास तिकडे आतमसुख म्हणतात. ते इतके ऐसपैस होते की माझ्यासारखे दोघेतिघे त्यात सहज मावले असते. वस्त्र होते सवाई माधोसिंग पहिले ह्यांचे. हे महाराज १७५० ते १७६८ पर्यंत जयपूरच्या गादीवर होते आणि त्यांचा देह त्या वस्त्रास शोभेसा होता, असे सांगतात. मल्हारराव होळकरांच्या फौजेच्या पाठबळाने ते गादीवर आले आणि पुढे अवघ्या काही आठवड्यांत त्यांच्याच राजधानीत मराठ्यांची कत्तल झाली, हा इतिहास आपणांस ठाऊकच आहे. परंतु त्या दिवशी माझ्या मनात ते राजकारण नव्हते. मनात प्रश्न आला तो एवढाच की, एवढी जर, एवढे रेशीम, इतक्या कारागिरांची इतक्या महिन्यांची दृष्टी एका पुरुषाच्या अंगावर कशासाठी खर्च होत असेल?

आज आपण जरीचे वस्त्र म्हटले की ते स्त्रियांचे, असे सहज समजून चालतो. पुरुषाने जरी वापरावी ती लग्नात नवरदेव म्हणून, एकच दिवस. परंतु दोनअडीचशे वर्षांपूर्वीची कोणत्याही दरबाराची चित्रे पाहा. दिल्लीचा दरबार असो, पुण्याचा असो की दूर फ्रान्सच्या राजाचा असो, रंग, फुले, वेलबुट्टी आणि सोन्याची तार ही सरदारांच्या अंगावर आढळते. दरबारात शिरणारा गृहस्थ आपली योग्यता तोंडाने सांगत नसे. ती त्याचा अंगरखा सांगे. पोशाख हा एक प्रकारचा लेख होता, आणि तो वाचण्याची विद्या द्वारावरच्या चोपदारापासून तख्तावरच्या बादशहापर्यंत सर्वांना अवगत होती.

ह्या लेखाला आपल्या देशात एक विशेष नाव होते. ते म्हणजे 'खिलत'. हा शब्द अरबी. त्याच्या मुळाशी अंगावरून उतरवणे हा अर्थ आहे. राजाने आपल्या अंगावरचे वस्त्र उतरवून दुसऱ्याच्या अंगावर घालावयाचे, ही मूळ कल्पना. ज्या वस्त्राला राजाच्या देहाचा स्पर्श झाला, त्यातून राजाच्या सत्तेचा काही अंश घेणाऱ्याकडे जातो, ही श्रद्धा तिच्यामागे होती. हिंदुस्थानात तिला 'सिरोपाव' म्हणत, म्हणजे शिरापासून पायापर्यंतचा पोशाख. त्याचेच मराठीत 'शिरपाव' झाले. आज एखाद्याला शिरपाव मिळाला असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात कापडाचा धागाही उरलेला नसतो. पण शब्दाची घडी उलगडली की आतून जामा आणि पागोटे बाहेर पडते.

ही चाल हिंदुस्थानात मोगलांनी आणली असे नाही. बगदादच्या खलिफांच्या काळी ती पूर्ण रूपास आली होती. तेथे वस्त्राच्या बाहीवर खलिफाचे नाव विणलेली पट्टी असे. दिल्लीच्या सुलतानांनी तिचाच कित्ता गिरवला. चौदाव्या शतकातील अल्-उमरी ह्या अरब लेखकाने हिंदुस्थान पाहिलेला नव्हता. परंतु तिकडून आलेल्या प्रवाशांच्या तोंडून ऐकून त्याने लिहून ठेवले आहे की, महंमद तुघलक वर्षाकाठी दोन लक्ष पोशाख वाटतो, निम्मे वसंतात आणि निम्मे शरदात, आणि केवळ जरीच्या कामासाठी त्याने पाचशे कारागीर पदरी ठेवले आहेत. प्रवाशांच्या बोलण्यात अतिशयोक्ती असतेच. तथापि, सुलतानाच्या वैभवाची साक्ष देताना लोकांना हत्तींच्या जोडीने पोशाखांची संख्या आठवावी, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

अकबराच्या काळापासून ह्या सर्व व्यवहाराला शिस्त आली. अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त पोशाखाच्या कारखान्याचे वर्णन केले आहे, ते वाचताना माझ्यासारख्या दप्तरात आयुष्य घालवणाऱ्या माणसाला मोठे कौतुक वाटते. कोणते वस्त्र कोणत्या दिवशी आले, त्याची किंमत काय, रंग कोणता, वजन किती, ह्याची नोंद ठेवून त्या क्रमाने ती वस्त्रे लावली जात. प्रत्येक हंगामात बादशहासाठी एक हजार पोशाख शिवले जात, आणि त्यांपैकी एकशे वीस, बारा गाठोडी करून, सदैव तयार ठेवलेले असत. अकबराने कपड्यांची नावेही बदलली. जाम्याला त्याने 'सर्वगती' म्हटले, शालीला 'परमनरम'. जाम्याचा घेर गोल करावा आणि बंद उजव्या बाजूस बांधावेत, असे त्याने ठरवून दिले. बंदाची बाजू ही गोष्ट क्षुल्लक वाटते खरी. परंतु त्या काळी मुसलमानाने बंद उजवीकडे आणि हिंदूने डावीकडे बांधावा अशी रीत रूढ झाली होती, आणि जुन्या चित्रांतील अनोळखी सरदाराचा धर्म इतिहासाचे अभ्यासक आजही त्या एका गाठीवरून ओळखतात.

अकबराचा मुलगा जहांगीर हा तर रसिकच. काही विशिष्ट कपडे त्याने केवळ स्वतःसाठी राखून ठेवले आणि आपण दिल्याशिवाय ते कोणी घालू नयेत असा हुकूम काढला, हे त्याने आपल्या आत्मचरित्रात स्वतःच लिहिले आहे. त्यांत अंगरख्यावरून घालावयाचा 'नादिरी' नावाचा कोट होता, गुजराती साटिनीचा कबा होता, तूसची शाल होती. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्या काळचा एक मोगल कोट जपून ठेवलेला आहे. पांढऱ्या साटिनीवर रंगीत रेशमाने साखळीटाक्याचे काम केले आहे. त्यात फुले आहेत, झाडे आहेत, मोर, सिंह आणि हरणे आहेत. टाके इतके बारीक की दुरून पाहणाराला ते रंगकाम वाटावे. गुजरातच्या आरीकामाची ही करामत. त्याच गुजरातेत सोन्यारुप्याच्या तारेने भरलेली चामड्याची आस्तरणे पाहून तेराव्या शतकात मार्को पोलोही थक्क झाला होता.

येथे ह्या कामाविषयी थोडे सांगितले पाहिजे. कारण पोशाखाचा मान आपण पाहतो, पण तो ज्या हातांनी घडला ते हात पाहावयाचे राहून जातात. रुप्याच्या कांडीवर सोन्याचा पत्रा चढवावयाचा, ती तापवावयाची, आणि पोलादी पट्टीच्या लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून पुन्हा पुन्हा ओढावयाची. शेवटी केसासारखी तार होते, आणि नवल असे की इतके ओढूनही सोन्याचा मुलामा तिच्यावर अखंड राहतो. ती तार ठोकून चपटी केली की झाला बादला. तो बादला रेशमाच्या धाग्यावर गुंडाळला की झाला कलाबतू. कलाबतू मागावर विणला तर किनखाब आणि पैठणी. आणि तयार कापडावर सुईने बसवला तर ती जरदोजी. जरदोजीचे कापड कारचोबावर, म्हणजे लाकडी चौकटीवर, नगाऱ्याच्या कातड्यासारखे ताणून बसवतात. कारागीर चौकटीच्या दोन्ही अंगांना मांडी घालून बसतात. सोन्याची तार कापडातून आरपार नेत नाहीत, कारण त्यात सोने वाया जाते आणि तारही तुटते. ती वरच्या वर अंथरून दुसऱ्या साध्या धाग्याने जागोजाग बांधून टाकतात. मधून सलमा, मधून टिकल्या. एका जाम्याच्या घेरावर अशी वेल फिरवावयाची म्हणजे महिनेन्‌महिने मान खाली घालून बसणे आले.

फ्रेंच प्रवासी बर्निये औरंगजेबाच्या राज्यात काही वर्षे राहिला होता. त्याने किल्ल्यातील कारखान्यांचे दालनवार वर्णन केले आहे. एका दालनात जरीचे कारागीर, दुसऱ्यात सोनार, तिसऱ्यात चितारी. सकाळी यावयाचे, दिवसभर खपावयाचे, संध्याकाळी घरी जावयाचे. जरीवाल्याचा मुलगा जरीवालाच होतो, सोनाराचा सोनारच, आणि आपली स्थिती सुधारावी अशी आकांक्षा कोणालाच उरत नाही, असे तो खेदाने नमूद करतो. बर्नियेला आपल्या देशाची बढाई मारावयाची खोड होती, हे ध्यानात घेऊनही त्याचे हे निरीक्षण खोटे म्हणवत नाही. ज्या पोशाखाने सरदाराची पायरी वर चढे, त्याच पोशाखाने कारागिराची पायरी पिढ्यान्‌पिढ्या तशीच राही.

खिलतीच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. सर्वांत साधी खिलत तीन वस्त्रांची: पागोटे, घेरदार जामा आणि कमरेचा पटका. ती खिलतखान्यातून मिळे. त्यावरची पाच वस्त्रांची. ती तोशाखान्यातून येई आणि तीत शिरपेच व पागोट्यावर बांधावयाचा बालाबंद ह्यांची भर असे. त्याहून वरच्या खिलतीत आखूड बाह्यांचे 'नीमास्तीन' मिळे. आणि सर्वांत श्रेष्ठ म्हणजे 'मल्बूस-इ-खास', बादशहाने प्रत्यक्ष अंगावर घातलेले वस्त्र. खिलत मिळाली की ती तेथेच अंगावर चढवून मुजरा करावयाचा, आणि त्याआधी नजराणा द्यावयाचा. दूरच्या सुभेदाराला खिलत धाडली, तर त्याने शहराबाहेर सामोरे जाऊन, जणू प्रत्यक्ष बादशहाच आला आहे अशा अदबीने ती मस्तकी लावावयाची. म्हणजे देणारा वर आणि घेणारा खाली, ही गोष्ट शेकडो माणसांदेखत एकदा ठरून जाई. ह्या पोशाखातील खरा टाका हाच होता.

परदेशी माणसाला हा टाका दिसत नसे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१६ साली अजमेरला होता. शहाजादा खुर्रम दक्षिणेच्या मोहिमेवर निघताना त्याने आपल्या वापरातला, एकदोनदा घातलेला जरीचा झगा रोच्या खांद्यावर घालवला. दरबारी दृष्टीने हा केवढा बहुमान! पण रोने नाखुशीनेच मान लववली, आणि रोजनिशीत लिहिताना हा झगा नाटकात तैमूरलंगाचे सोंग घेणाऱ्या नटाला शोभला असता अशा आशयाची थट्टा केली. त्याच्या देशात मालकाने उतरलेला कपडा द्यावयाचा तो नोकराला. एकच वस्त्र, देणाऱ्याच्या भाषेत त्याचा अर्थ एक आणि घेणाऱ्याच्या भाषेत दुसरा.

परंतु वस्त्राची ही भाषा पुरतेपणी जाणणारा आणि जाणूनबुजून तिच्यात उत्तर देणारा एक पुरुष आपल्या इतिहासात होऊन गेला. १६६५ च्या जून महिन्यात पुरंदरचा तह झाला. त्यानंतर औरंगजेबाचे फर्मान आणि खिलत दक्षिणेत आली, तेव्हा मिर्झाराजे जयसिंगांच्या सांगण्यावरून शिवाजीमहाराज त्या फर्मानास पायी सामोरे गेले आणि त्यांनी खिलतीचा स्वीकार केला. तेवीस किल्ले हातचे गेले होते, वेळ पडती घेण्याची होती, आणि महाराजांनी ती घेतली.

पुढच्याच वर्षी, १२ मे १६६६ रोजी, ते आग्र्याच्या दरबारात उभे राहिले. बादशहाच्या वाढदिवसाचा तो सोहळा. जयपूरच्या दप्तरात त्या वेळच्या बातमीदारांची राजस्थानी पत्रे सापडली आहेत, त्यांवरून त्या दिवसाचा क्रम आपल्याला समजतो. महाराजांनी नजराणा दिला. बादशहा बोलला नाही. त्यांना पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत नेऊन उभे केले. वास्तविक पंचहजारी मनसब त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाला, संभाजीराजांना, आधीच मिळालेली होती. मग विडे वाटले गेले. मग खिलती आल्या. त्या शहाजाद्यांना दिल्या गेल्या, वजीर जाफरखानाला दिली गेली, जसवंतसिंगाला दिली गेली. महाराजांना दिली गेली नाही. त्यांचे डोळे संतापाने भरून आले. काय झाले ते विचार, असे बादशहाने रामसिंगाला सांगितले; तेव्हा महाराजांनी भर दरबारात आपल्या अपमानाचा जाब विचारला, आणि बादशहाकडे पाठ फिरवून ते चालते झाले व एका बाजूस जाऊन बसले. त्यांची समजूत घालण्यासाठी बादशहाने सरदारांबरोबर खिलत पाठवली. ती आता घालणार नाही, असे महाराजांनी साफ सांगितले.

श्रोतेहो, ह्या प्रसंगाकडे आपण स्वाभिमानाची एक तेजस्वी ठिणगी म्हणून पाहतो, आणि ते योग्यच आहे. तथापि, त्या दरबाराची रीत ध्यानी घेतली म्हणजे त्या नकाराचे वजन अधिक कळते. खिलत नाकारणे म्हणजे एखादी भेट परत करणे नव्हते. तुम्ही वर आणि मी खाली हे मला मान्य नाही, असे शेकडो साक्षीदारांसमोर सांगणे होते. ज्या माणसाच्या भोवती शत्रूची फौज आहे, मुलगा जवळ आहे आणि घर शेकडो कोस दूर आहे, त्याने हे सांगितले. एका पोशाखाला दिलेल्या त्या नकारातून पुढचे तीन महिन्यांचे नजरकैदेचे दिवस आले, आणि १७ ऑगस्टची ती सुटकाही आली.

आठ वर्षांनी, ६ जून १६७४ रोजी, रायगडावर राज्याभिषेक झाला. महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून पारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, कानुजाबते घातले, शक सुरू केला. मात्र वस्त्रे देऊन पद द्यावयाची रीत त्यांनी टाकली नाही. अष्टप्रधानांना वस्त्रे दिली गेली. रीत तीच राहिली. वस्त्र देणारा हात बदलला. मला वाटते, आग्र्याच्या त्या नाकारलेल्या खिलतीचे खरे उत्तर रायगडावर दिलेल्या ह्या वस्त्रांत आहे. स्वातंत्र्य म्हणजे काय, हे त्या काळच्या माणसाला समजावयाचे तर त्याला एवढेच सांगणे पुरे होते की, आता आपली वस्त्रे आपल्याच राजाकडून मिळतात.

पुढे पेशवाईत 'वस्त्रे' ह्या शब्दाचा अर्थच नेमणूक असा झाला. १७ एप्रिल १७२० रोजी मसूर मुक्कामी शाहूमहाराजांनी बाजीरावाला पेशवाईची वस्त्रे दिली, असे आपण आजही म्हणतो. पद दिले असे म्हणत नाही. कपडे आणि जवाहीर सांभाळणारे खाते म्हणजे जामदारखाना, आणि तेथून आलेले जामदार हे आडनाव आपल्या शेजारीपाजारी आढळते. सेनापतीच्या मानाचे निशाण तेही जरीचेच: जरीपटका. सातारकर छत्रपतींची सत्ता हळूहळू नावापुरती उरली. फौज पेशव्यांची, खजिना पेशव्यांचा, कारभार पेशव्यांचा. पण वस्त्रे मात्र साताऱ्याची. ती आल्यावाचून कोणी पेशवा होत नसे.

ह्या कापडात केवढी शक्ती होती, हे १७७३ आणि १७७४ ह्या दोन सालांनी दाखवून दिले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला. राघोबादादांच्या हाती वाडा होता, पण तेवढ्याने भागेना. त्यांनी साताऱ्याहून वस्त्रे आणवली, तेव्हा ते पेशवे झाले. इकडे गंगाबाई गरोदर होत्या. बारभाईंनी त्यांना पुरंदरावर नेऊन ठेवले. १८ एप्रिल १७७४ रोजी मुलगा झाला, आणि सुमारे चाळीस दिवसांनी त्या तान्ह्या बाळासाठी साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे पुरंदरावर आली. ज्याला बाळंत्यात गुंडाळावयाचे त्याला राज्याची वस्त्रे! हे चित्र डोळ्यांपुढे आणले की प्रथम हसू येते, आणि मग लक्षात येते की, त्या घटकेला राज्याला धरून ठेवणारा तो एकच धागा होता. खुन्याच्या बाजूला तलवार होती. न्यायाच्या बाजूला एक गाठोडे होते, आणि गाठोडे जिंकले.

तोच बालक अठरा वर्षांचा झाला, तेव्हा वस्त्रांचा आणखी एक समारंभ पुण्यात झाला. महादजी शिंदे १७९२ च्या जूनमध्ये दिल्लीहून वकील-इ-मुतलक ह्या पदाची फर्माने आणि खिलत घेऊन आले. भव्य तंबू उभारले. एका टोकाला बादशहाचे रिकामे तख्त ठेवून त्यावर खिलत आणि फर्मान मांडले. सवाई माधवरावांनी त्या रिकाम्या तख्ताला मुजरे केले, शेजारच्या तंबूत जाऊन बादशाही पोशाख चढवला आणि ते बाहेर आले. सोबत जवाहीर होते, कलमदान आणि शिक्का होता, मोरचेले होती, नालकी होती. नाना फडणिसांना हा सोहळा मनातून पसंत नव्हता. छत्रपतींच्या पेशव्याने बादशहाची वस्त्रे का घ्यावीत, हा त्यांचा रोख. म्हणून साताऱ्याची परवानगी आधी मिळवावी लागली. आणि ज्याच्या नावाने ती खिलत आली तो शाहआलम बादशहा कोण? चारच वर्षांपूर्वी, १७८८ मध्ये, गुलाम कादराने ज्याचे डोळे काढले तो आंधळा म्हातारा. आपण दिलेल्या जरीचा रंग कोणता, हेही त्याला दिसत नव्हते. त्याच भेटीच्या वेळी महादजींनी काखेतले गाठोडे सोडून पेशव्यांपुढे नवे जोडे ठेवले आणि हेच आमचे वडिलोपार्जित काम असे म्हटले, ही ग्रँट डफने सांगितलेली हकीकत प्रसिद्ध आहे. एकीकडे किनखाबाची खिलत, दुसरीकडे जोड्यांची जोडी. दोन्हींची भाषा एकच होती, आणि महादजी ती अस्खलित बोलत होते.

इंग्रजांनी मात्र ही भाषा आपल्या व्याकरणाने वाचली. नजराणा म्हणजे लाच आणि खिलत म्हणजे बक्षीस, असे त्यांचे मत. कंपनीच्या नोकरांनी लूट चालवली होती, हेही खरेच; म्हणून १७७३ च्या कायद्याने त्यांना भेटी घेण्याची बंदी झाली. मिळालेल्या भेटी सरकारी तोशाखान्यात जमा करावयाच्या आणि दुसऱ्या संस्थानिकाला भेट देताना त्यांतूनच द्यावयाच्या, असा हिशेबी प्रघात पडला. एका राजाने मानाने दिलेली शाल किंमत लावून दुसऱ्या राजाच्या अंगावर जाऊ लागली. तिच्यातला देह गेला, स्पर्श गेला. उरले ते कापड. १८६१ साली 'स्टार ऑफ इंडिया' हा किताब निघाला. त्याचा झगा फिकट निळ्या साटिनीचा, आतून पांढऱ्या रेशमाचा. खिलत पुन्हा अवतरली, पण आता ती लंडनच्या नियमांनी शिवलेली होती.

ह्या दीर्घ कथेतला एक शेवटचा प्रसंग मराठी माणसाला विसरता येणार नाही. १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात बादशहा पंचम जॉर्ज ह्यांच्यापुढे एकेक संस्थानिक मुजऱ्याला जात होता. रत्नजडित पोशाखांची नुसती झगमग चालली होती. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड पुढे आले ते साध्या पांढऱ्या पोशाखात, अलंकारांवाचून. त्यांनी एकदाच मान लववली आणि रीतीप्रमाणे मागे मागे न सरता ते पाठ फिरवून परतले. इंग्रजी वृत्तपत्रांनी काहूर उठवले, आणि महाराजांना खुलासा द्यावा लागला. तो अनवधानाने झालेला प्रकार होता की हेतुपुरस्सर, ह्यावर वाद चालत आला आहे. पण आग्र्याचा दरबार ज्याला आठवतो, त्याला ती फिरवलेली पाठ अगदीच अनोळखी वाटणार नाही.

आता हे दरबार गेले. संविधानाच्या अठराव्या कलमाने किताब गेले, १९७१ मध्ये तनखेही गेले. मग ते जरीचे पोशाख कोठे गेले? काही संग्रहालयांत आले. पुष्कळसे आटणीत गेले. जुनी खरी जर जाळली की सोने-रुपे निघते, आणि अडचणीत आलेल्या घराण्यांनी पणजोबांचे जामे आणि आजीच्या पैठण्या तशाच जाळल्या. ज्या वस्त्रात जास्त सोने तेच आधी वितळले. म्हणून आज जे उरले आहे त्यावरून जे होते त्याची कल्पना करू नये. आणि काही पोशाख, गंमत अशी की, जिना उतरून खाली गेले. साहेबाने स्वतः काळा कोट घातला आणि सरदारांचा जरीचा पटका व पागोटे आपल्या चपराशाला दिले. मी नोकरीस लागलो तेव्हा आमच्या वरिष्ठांच्या दाराशी लाल डगला आणि सोनेरी पट्टा घातलेला एक वृद्ध शिपाई उभा असे. आत बसलेला अधिकारी खादीच्या बुशकोटात. दरबाराचा पोशाख तख्तापासून निघून दारापर्यंत आला होता. आणखी थोडा पुढे जाऊन तो आता लग्नाच्या बँडवाल्यांच्या अंगावर दिसतो.

तरीही खिलत पूर्णपणे गेली असे मला वाटत नाही. आपल्याकडे कोणाचा सत्कार असला की शाल आणि श्रीफळ देतात. नागपूर असो, इंदूर असो, बडोदे असो की दिल्लीतले महाराष्ट्र मंडळ असो. पाहुणा उठतो, शालीची घडी उलगडते, ती त्याच्या खांद्यावर घातली जाते आणि टाळ्या होतात. दुसऱ्याच्या अंगावर आपल्या हाताने वस्त्र घालावयाचे, हे बगदादपासून चालत आलेले कृत्य अजून चालू आहे. फरक इतकाच, आणि तो थोडा नव्हे, की येथे देणारा वर नसतो. शाल घालणारा वाकतो आणि घेणाराही वाकतो.

माझ्या आजोबांना एका गावाने अशी शाल दिली होती. गावची पाठशाळा त्यांनी तीस वर्षे चालवली होती. शाल लोकरीची, साधी, काठाला बोटभर जर. ती जर केव्हाच काळी पडली आहे. जयपूरहून परत आलो त्या रात्री मी ती पेटीतून काढून पाहिली. माधोसिंगांच्या त्या वस्त्रापुढे ती काहीच नव्हती. पण तिच्यासाठी आजोबांना कोणापुढे खाली पाहावे लागले नव्हते. मी तिची घडी पुन्हा नीट घातली आणि ती पेटीत ठेवून दिली.